भाकरीची बरतरफी

(एकपात्री विनोदी प्रयोग. स्थळ : वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी, गणेशोत्सवाचा मंडप. रंगमंचावर एक लाकडी खुर्ची, एक टेबल, टेबलावर लाल फडक्यात बांधलेले दप्तर आणि पाण्याचा तांब्या. निवृत्त पेशकार साहेब प्रवेश करतात. अंगातला कोट दुसऱ्या कुणा धिप्पाड माणसाचा वाटतो. तो त्यांचाच आहे. एका हाताने विजार सावरीत, दुसऱ्या हाताने नमस्कार करण्याचा प्रयत्न करतात. तो जमत नाही.)

मायबाप रसिकहो! महसूल खात्यात उभी हयात घालवून पेशकार या पदावरून सन्मानाने सेवानिवृत्त झालेल्या ज्या इसमाने आजवर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, दुसऱ्यांच्या बुडालेल्या पिकांचे पंचनामे केले, दुसऱ्यांच्या कैफियती ऐकून घेतल्या, आणि त्या ऐकत असता समोर आलेला चहा व चहाच्या सोबतीने आलेली बिस्किटे यांवर 'नामंजूर' असा शेरा एकदाही मारला नाही, त्या इसमाने उतारवयात स्वतःच्याच देहाचा पंचनामा करून घ्यावा आणि त्यात स्वतःच कसूरवार ठरावे, हा नियतीचा न्याय की अन्याय, याचा निवाडा मी आज आपणा पंचांवर सोपवतो.

(दप्तराची गाठ सोडतात.)

प्रकरणाची हकीकत अशी. परभणीच्या एका डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद प्रथम डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, आणि 'सदर गटात अतिक्रमण आढळून आले' हे वाक्य आम्ही ज्या कोरड्या स्वरात वाचून दाखवतो, नेमक्या त्या स्वरात ते म्हणाले, "पेशकार साहेब, तीन महिन्यांची सरासरी चांगली नाही. भाकरी, पोळी, भात, बटाटा, साखर, गूळ, सगळं कमी करा. दही, पनीर, अंडी, शेंगदाणे वाढवा. आणि तेलातुपाला भिऊ नका."

हे अखेरचे वाक्य कानी पडताच मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. ज्या तुपाच्या एका थेंबापायी याच वैद्यकविद्येने मला इतकी वर्षे वनवासात ठेवले, ते तूप एका वाक्यात निर्दोष सुटते, आणि जिने मला दात आल्यापासून पोसले ती भाकरी त्याच वाक्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, असा फेरफार मी साऱ्या नोकरीत पाहिला नव्हता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, फेरफाराला हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते." ते म्हणाले, "तुमच्या स्वादुपिंडाला विचारून बघा, तेवढी मुदत देतंय का." आणि गोळीचे प्रमाण त्यांनी तिथल्या तिथे निम्म्यावर आणले, कारण भाकरी बंद आणि गोळी मात्र पूर्ववत असे झाले, तर रक्तातली साखर वाजवीपेक्षा खाली जाते आणि माणूस उभ्या उभ्या घेरी येऊन कोसळतो, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावले. तेवढे मात्र, रसिकहो, हसण्यावारी नेऊ नका.

आमची थोरली कन्या पुण्यास असते. तिला वर्दी जाताच तिने दूरध्वनीवर एक सविस्तर आज्ञापत्र धाडले, ज्यात सकाळी अॅव्होकॅडो, दुपारी ऑलिव्ह तेलात परतलेली झुकिनी, आणि रात्री भाताच्या जागी फुलकोबी किसून केलेला भात, असा एकंदर बंदोबस्त होता. मी ते आज्ञापत्र घेऊन आठवडी बाजारात गेलो. वांगी, गवार, दोडके, आणि दोडक्यांच्या आड बसलेली एक पोक्त भाजीवाली. तिला मी विचारले, "मावशी, अॅव्होकॅडो आहे का?" तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि अत्यंत कणवेने म्हणाली, "सायेब, ते औषीद मेडिकलात बगा. आन् लवकर बगा."

(खुर्चीवर बसतात. दप्तरातून एक कागद काढतात.)

तेव्हा परक्या मुलखातल्या फळांचा नाद सोडून मी स्वतःच्या स्वयंपाकघराची झडती घेण्याचे ठरवले. सौभाग्यवतींना पंच म्हणून हजर राहण्याविषयी समज दिली. त्या हातात लाटणे घेऊन हजर राहिल्या. पंचनाम्याची नक्कल मी सोबत आणली आहे. वाचतो.

(चष्मा लावून) "पूर्वेस ज्वारीची कणगी. शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय पदार्थ सुमारे 72 ग्रॅम. जप्त. पश्चिमेस गव्हाचा डबा, त्याचीही तीच अवस्था. जप्त. दक्षिणेस तांदूळ, 78. जप्त. उत्तरेस, देवघराला लागून, साबुदाणा. 87 ग्रॅम, आणि प्रथिने जवळजवळ शून्य." (चष्मा काढून) रसिकहो, इथे पंचांनी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, "साबुदाणा उपवासाचा आहे." मी म्हणालो, "असेल. पण हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे, आणि देवाच्या आश्रयाला दडून बसला आहे."

आपल्या धर्मशास्त्राची आणि माझ्या पथ्याची गाठ कुठे पडली असेल तर ती एकादशीला. एरवी पंधरा दिवस मी भाकरी नाही, भात नाही, साखर नाही, अशा कडक व्रतात असायचो. आणि ज्या दिवशी सारे घर उपवास करी, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वऱ्याची भगर, उकडलेले रताळे, बटाट्याचा कीस आणि वरून साखर घातलेले दही, असा पिष्टमय पदार्थांचा साग्रसंगीत दरबार भरे. म्हणजे गावाचा उपवास तो माझ्या उपवासाचा भंग, आणि गावाचे पारणे ते माझे पुन्हा उपोषण. एकदा मी एकादशीला नुसते दही, काकडी आणि खोबरे खाऊन राहिलो, तर सौभाग्यवती शेजारणीला सांगत होत्या, "यांना उपवास झेपत नाही हो, काहीबाही खातात."

(पाण्याचा घोट घेतात.)

उरले काय, असे आपण विचाराल. डाळी उरल्या, पण तूरडाळीच्या खानेसुमारीत 22 ग्रॅम प्रथिने निघाली आणि त्यांच्या मागे 57 ग्रॅम पिष्ट हात जोडून उभे. तिला मुचलक्यावर सोडले; दिवसाकाठी एक वाटी, आणि पातळ नको. सोयाबीन मात्र निघाला खरा साव. 43 ग्रॅम प्रथिने, 20 ग्रॅम तेल! साऱ्या मराठवाड्याच्या शिवारात आपण हा पेरतो, पोती भरतो, तेलगिरणीला विकतो, पेंड कोंबड्यांना जाते, आणि ज्याच्या शेतात तो पिकतो तो गडी संध्याकाळी साबुदाणावडा खातो. (थांबून) हा विनोद नव्हता. पण हसलात, ठीक आहे.

आणि उरले अंडे. आमच्या घराण्यात अंड्याचा प्रवेश हा निजामाच्या अमदानीपासून आजतागायत निषिद्ध आहे. खापरपणजोबांनी निजामशाहीची पाटीलकी सांभाळली, उर्दूतून हिशेब लिहिले, मोडीतून पत्रे लिहिली, सारे काही केले. अंडे केले नाही. सौभाग्यवतींनी स्पष्ट हुकूम दिला, "माझ्या चुलीवर नाही, माझ्या भांड्यात नाही, माझ्या छपराखाली नाही." आता मी महसूल खात्यातला माणूस, हुकुमातली फट शोधणे हा आमचा व्यवसाय. परसात, छपराबाहेर, अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटत असतो. तो चूल नाही, भांडेही नाही, छप्पर तर नाहीच. मी चार अंडी जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून, सुतळीने बंबाच्या तोंडातून आत सोडली आणि नळीच्या बाजूला पाठ करून निरागस चेहऱ्याने दात घासत उभा राहिलो. सारे सुरळीत पार पडले असते. पण पुरचुंडी आतल्या धगधगत्या नळीला टेकली, एक अंडे तडकले, आणि त्याच पाण्याने त्या दिवशी पहिली अंघोळ केली ती काशीहून आलेल्या आमच्या साडूंनी. ते बाहेर आले, अंग पुसले, हात नाकाजवळ नेला, पुन्हा नेला, आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या विहिरीच्या पाण्यात गंधकाचा अंश आहे. चर्मरोगाला उत्तम." साडू दोन दिवस राहणार होते, आठवडा राहिले, आणि रोज तीन बादल्या.

(उठून उभे राहतात.)

पण रसिकहो, ही सारी घरातली प्रकरणे. खरा खटला चालला तो गावात. कारण भाकरी सोडणे ही गोष्ट परभणी जिल्ह्यात सोपी नाही. आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे, वसंतराव नाईकांच्या नावाचे. 1972 च्या मे महिन्यात ते स्थापन झाले, आणि त्याने जगाला काय दिले? 'परभणी मोती'! ज्वारीचा वाण. मग 'परभणी ज्योती'. मग 'परभणी शक्ती', जिच्यात लोह आणि जस्त अधिक. ज्या जिल्ह्याचे नाव ज्वारीच्या पोत्यावर छापलेले असते, त्या जिल्ह्यात ताठ मानेने बसून 'मी ज्वारी खात नाही' असे म्हणणे, याला काय म्हणतात ते कायद्याच्या कुठल्या कलमात बसते हे मी शोधतो आहे. आणि मुहूर्त तरी मी कोणता साधावा? 2023 साल! भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने ते अवघे वर्ष भरडधान्याचे म्हणून जाहीर केलेले. दिल्लीच्या अंदाजपत्रकात ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' अशी पदवी बहाल झालेली. न्यूयॉर्कपासून नांदेडपर्यंत ज्वारीचा उदोउदो चाललेला. आणि ऐन त्या वर्षी, वालूर मुक्कामी, एका माजी सरकारी नोकराने ज्वारीस बरतरफ केलेले! आमच्या सरपंचांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सायेब, ह्ये सरकारच्या इरोधात तर न्हाई ना?"

त्यातही एक हरकत अशी आली की तिला उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या थोरल्या आत्या. वय विचारू नये, सांगणार नाहीत. पण बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या होत्या. त्या वेळी परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापता थापता फाटे, तव्यावर टाकावी तर तुकडे, आणि ते तुकडे पाण्यात भिजवून पोरांना द्यायचे. कामावर सुकडी वाटीत, ती पदरात बांधून घरी आणायची. त्या आत्या माझ्या ताटासमोर बसल्या. ताटात पनीर, काकडी, शेंगदाण्याची चटणी, लोणकढे तूप, मेथीची भाजी. त्यांनी ताटावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "भाकर कामून न्हाई?" मी इन्सुलिन समजावून सांगितले. स्वादुपिंड सांगितले. रक्तातली साखर चढते कशी, पेशी दार उघडत नाहीत कशा, हे सारे हातवारे करून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "घरात ज्वारी हाय का?" मी म्हणालो, "आहे. दोन कणग्या." "मग?" असे म्हणून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तो 'मग' अजून माझ्या दप्तरात प्रलंबित आहे.

(क्षणभर कागद चाळतात; मग एकाएकी खुलून)

बरे, असे करणारा जगातला मी पहिला आहे काय? मुळीच नाही. कागदोपत्री पुरावा आहे. लंडन शहरी विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसाय, प्रतिष्ठितांच्या अंत्ययात्रांची सिद्धता करणे. वेलिंग्टनच्या ड्यूकची अंतिम व्यवस्था त्यांच्याच पेढीने पाहिली. जन्मभर इतरांच्या शवपेटीचे माप घेता घेता एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की आपल्या मापाची पेटी दारातून बाहेर निघणार नाही. पाच फूट पाच इंच उंची, वजन 202 पौंड. बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरायचा तर पाठमोरे होऊन, एकेक पायरी. अखेर ऐकू कमी येते म्हणून ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर विल्यम हार्वे यांनी कान तपासला, पोट पाहिले, आणि पाव, साखर, दूध, बिअर, बटाटे बंद केले. मांस, मासे आणि थोडे द्राक्षासव यांची परवानगी ठेवली. म्हणजे गृहस्थ गेले कानासाठी आणि गमावले पोट! साधारण वर्षभरात 46 पौंड उतरले, तेव्हा आनंदाच्या भरात बँटिंग यांनी 1863 मध्ये पदरमोड करून एक पत्रिका छापली, तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि स्वतः ते ऐंशी ओलांडून गेले. द्राक्षासवाच्या कलमाविषयी मी आमच्या डॉक्टरांकडे रीतसर विचारणा केली. तो अर्ज दाखल करून घेण्यात आला नाही.

बँटिंगचा पाठमोरा जिना वाचला तेव्हा मला आपली बारव आठवली. आपल्या गावची बारव आपण जाणताच. गाळ, काटेरी झुडपे आणि गावभरचा केरकचरा यांखाली ती कित्येक वर्षे गडप होती, आणि 2021 मध्ये गावकऱ्यांनी टोपल्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली. गोल मुख, आणि तळाकडे चक्राकार फेर घेत उतरणाऱ्या पायऱ्या. बाहेरगावचे लोक आता कॅमेरे घेऊन येतात. पथ्याच्या पहिल्या सप्ताहात मी उत्साहाने तिच्यात उतरलो. उतरणे शास्त्रशुद्ध झाले. वर पाहिले तर आकाश फिरत होते; पायऱ्या फिरतातच, पण आकाश फिरण्याचा काही ठराव नव्हता. साखरेची सवय सुटलेला देह पहिल्या काही दिवसांत असा रुसतो, डोके दुखते, माणूस विनाकारण चिडतो. मीठ घालून ताक प्यावे, असे डॉक्टरांनी सांगून ठेवलेले. पण ताक घरी आणि मी तळाशी. अखेर फोटो काढायला आलेल्या दोन कॉलेजकुमारांनी मला वर आणले. वर आल्यावर मी विचारले, "फोटोत मी आलो का?" ते म्हणाले, "काका, बारव आली नाही."

(प्रेक्षकांत हशा अपेक्षित, विजार सावरतात.)

आपल्या महाराष्ट्रात आहाराच्या विषयावर जे रण माजले ते आपल्या स्मरणात असेलच. साल 2018. नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्या लिहिताना आमच्या अव्वल कारकुनालाही पुरवणी कागद जोडावा लागला असता, ते 2004 मध्ये अपघातात अकाली गेले. पण इन्सुलिनविषयीचा त्यांचा विचार लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उचलला आणि गावोगाव सांगितला, की भूक लागेल तेव्हा, पण दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत पाने उचला. दुसरीकडे मुंबईच्या ऋजुता दिवेकर सांगत, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतले खा, तूप घ्या. झाले! एका घरात सासू दीक्षित, सून दिवेकर. आमच्या शेजारच्या बंधूंनी दोन्ही मते एकदम स्वीकारली. ते दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटे जेवत. मी या दोन्ही फडांबाहेरचा. माझा कज्जा वेळेचा नव्हता, मालाचा होता. केव्हा खावे यावर माणसे ऐकून घेतात. काय खाऊ नये हे सांगितले की यजमानाच्या अब्रूला हात लागतो.

पंगत हा तर दिवाणी आणि फौजदारी असा दुहेरी मामला. लग्नाची पंगत, पत्रावळीवर पोळी, भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. मी वाढप्याला हळूच म्हणालो, "मला फक्त भाजी वाढ, आणि वरणातली घट्ट डाळ तेवढी." तो थबकला. त्याने दुसऱ्या वाढप्याकडे पाहिले. दुसऱ्याने वधूपित्याला खूण केली. वधूपिता धावत आला, डोक्याची टोपी सारखी करीत म्हणाला, "साहेब, आमचं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, मी पोळी खात नाही." "भात घ्या." "भातही नाही." "बुंदी तरी?" मी मान हलवताच तो पार हवालदिल झाला, आणि माझ्या पानासमोर उकिडवा बसून, सारी पंगत ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, तुमच्या शेताचा बांध मी कोरला हे खरं आहे, पण तो राग आज नका काढू!" रसिकहो, मला त्या बांधाची काहीच खबर नव्हती! दुसऱ्या दिवशी मोजणी आणली. अडीच गुंठे परत मिळाले. आहारशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ चाळले. पिष्टमय पदार्थ सोडल्याने जमीन परत मिळते, हा लाभ कुणी नोंदवलेला दिसत नाही.

तेव्हापासून मात्र परक्या दारी उपाशी पडू नये म्हणून मी भाजलेले शेंगदाणे जवळ बाळगू लागलो. (कोटाच्या एका खिशावर थाप मारतात, मग दुसऱ्या, मग आतल्या.) शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिने, 40 ग्रॅम तेल, कुणाचा आग्रह नाही, कुणाचा रुसवा नाही, फोलपट सोडले तर कसला पुरावाही नाही.

आता वजनाचा मुद्दा. घरातला काटा सौभाग्यवतींच्या पक्षाचा असल्याने मी निःपक्षपाती काट्याच्या शोधात आडत दुकानी गेलो. सोयाबीनची पोती उतरत होती. आमचा मापाडी, ज्याने तीन पिढ्यांचा माल तोलला, त्याने मला प्लेटकाट्यावर उभे केले, आकडा पाहिला, आणि सवयीने पुकारले, "बारदाना वजा!" म्हणजे माझा कोट, विजार आणि चपला यांची तूट धरून त्याने निव्वळ पेशकार काढला. आठवड्याने पुन्हा गेलो. आकडा भराभर खाली आलेला. मी छाती काढली. मापाड्याने माझा दंड चिमटीत धरला, सोयाबीनचा दाणा दातांखाली धरून पारखतात तितक्या गांभीर्याने मला पारखले, आणि म्हणाला, "सायेब, लई खूश होऊ नगा. ह्ये वजन न्हाई उतरलं. ओलावा उतरलाय."

मी मनातून संतापलो. पण घरी येऊन वाचतो तो काय! आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक राखीव साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भाकरी बंद झाली की देह हा साठा मोडतो, पाणी वाहून जाते, आणि पहिल्या दिवसांत काट्यावर जी करामत दिसते तिच्यात चरबीचा वाटा थोडा आणि पाण्याचाच फार. सोयाबीनला बारा टक्क्यांवर ओलावा निघाला की भाव कापणाऱ्या माणसाने हे शरीरशास्त्र केवळ माझ्या दंडाला चिमटा घेऊन सांगितले होते! पुढे खरे वजन उतरले ते सावकाश, कुरकुरत, आम्ही शेतसारा वसूल करीत असू त्या चालीने.

(स्वर बदलून, किंचित घाईने)

तर डॉक्टरांचा पुढचा कागद आला. सरासरी उतरली होती. मी तो कागद अभिमानाने सौभाग्यवतींपुढे धरला. त्यांनी तो पाहिलासुद्धा नाही. म्हणाल्या, "उतरणारच. मी मारुतीला नवस बोलले होते." मी विचारले, "कसला?" तर म्हणाल्या, "यांची साखर उतरू दे, यांची गूळतुला करीन."

(दीर्घ विराम. प्रेक्षकांकडे हताशपणे पाहतात.)

साखर उतरली म्हणून गूळ! पण नवसाला अपील नसते. किराणा दुकानदाराला गुळाच्या ढेपी सांगितल्या गेल्या, आणि त्या दिवसापासून त्या सद्गृहस्थाला माझ्या प्रकृतीचा जो कळवळा सुटला तो काय वर्णावा! दुकानावरून जाताना हाक मारी, "साहेब, लई वाळलात. दोन घास खात जा की. निदान शनिवारपर्यंत तरी!" इकडे सौभाग्यवती उलट बाजूने हिशेब मांडीत; किलोमागे गुळाचा भाव धरून त्यांनी माझे रात्रीचे पनीरही बंद केले.

शनिवारी मारुतीच्या सभामंडपात तुळईला आडतीतला जुना तराजू टांगला. एका पारड्यात मी, मांडी घालून, गळ्यात हार. दुसऱ्यात पिवळ्याधमक ढेपी. मापाडी अर्थातच हजर. एकेक ढेप चढत गेली. माझे पारडे जमिनीलाच. शेवटची ढेप चढली. तरी मी दोन बोटे खाली. दुकानदार म्हणाला, "गूळ संपला." पुजारी म्हणाले, "माणूस जड राहिला तर नवस अपुरा." सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, आयुष्यभर मी इतके खाल्ले तरी त्या नजरेने कधी पाहिले नव्हते. मी चष्मा काढला. घड्याळ काढले. हार काढला. पारडे हलेना. मापाडी पुढे आला, माझ्या कोटावरून त्याने अनुभवी हात फिरवला, आणि पुकारला, "सायेबात खडा हाय!"

(एकेक खिसा उलटा करीत जातात, शेंगदाणे रंगमंचावर सांडतात.)

या खिशातून. या खिशातून. आतल्या खिशातून. साऱ्या वालूरसमक्ष. मूठ मूठ शेंगदाणे निघाले, आणि मापाड्याने ते खाली टाकण्याऐवजी सरळ गुळाच्या पारड्यात ओतले. तराजू डुलला, थरथरला, आणि काटा मधोमध उभा राहिला. 'बोला बजरंगबली की'! पुजाऱ्यांनी तत्काळ निवाडा दिला की देवाच्या पारड्यात पडले ते देवाचे. गूळ फुटला, शेंगदाणे त्यात कालवले गेले, पोरांनी ओंजळी पुढे केल्या, आत्यांनी पदर पुढे केला, आणि पहिला मान म्हणून माझ्या तळहातावर माझेच शेंगदाणे परत आले. फक्त आता त्यांना बोटभर गूळ चिकटला होता.

(तळहात पुढे धरून) नाकारावा तर मारुतीचा अवमान, स्वीकारावा तर डॉक्टरांचा. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या हात जोडून होत्या. दुकानदाराकडे पाहिले, तो पैसे मोजत होता. मापाड्याकडे पाहिले. त्याने तोंडातला घास गिळला, मिशी पुसली, आणि तीन पिढ्यांचा माल तोलणाऱ्या त्या शांत आवाजात म्हणाला,

"खावा सायेब. गूळ बारदाना धरा."

(अंधार.)